साडूंची फोटोदुरुस्ती

आमच्या साडूंसारखा माणूस सगळ्या वऱ्हाडात दुसरा नाही, आणि नाही हे वऱ्हाडाचं नशीब. असे दोघं असते तर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एकाही घराच्या भिंतीवर फोटो सुखानं टांगलेला राहिला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अकोल्याला, मी अमरावतीला. मधे एसटीचा अडीच तासांचा रस्ता आहे म्हणून आमचे संबंध टिकले आहेत, असं मी कित्येक वर्षं चारचौघांत बोलून दाखवत आलो. खरं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ती निदान कोणी विचारलं की मग खरं बोलतात. या गृहस्थांना विचारायचीही गरज पडत नाही. माझ्या लग्नात मी बोहल्यावरून उतरून त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद राहिला बाजूला, म्हणाले, "साडभाऊ, फेटा तिरपा झाला तुमचा. आता सगळ्या फोटोत तसाच येईल." आणि आला की हो! आजही अल्बम उघडला की पहिल्यांदा फेटाच दिसतो.

नोकरी त्यांची मोजणीदाराची. सगळा जन्म दोन भावांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठून जातो हे साखळी टाकून सांगण्यात गेला. धुरा वीतभर इकडे सरकवा म्हणून पाया पडणारे आले, डोळे वटारणारे आले, यांनी टाचणीएवढाही सरकवला नाही. सेवानिवृत्तीनंतर माणूस जरा निवळेल अशी ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, फार आशा होती. पण मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिचा कॉम्प्युटर मागे घरीच राहिला आणि तिथे घात झाला. त्यात फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर होतं. साडूंनी ते उघडलं आणि पुढचे सहा महिने कोणाशी धड बोलले नाहीत. फाटलेले, किडीनं खाल्लेले, पिवळे पडलेले फोटो स्कॅन करायचे, पडद्यावर आठपट मोठे करायचे, आणि शेजारचा धड तुकडा उचलून फाटक्या जागेवर ठिगळासारखा बसवत जायचं, ही ती विद्या. एका कोटाच्या गुंडीला त्यांनी दोन दिवस घेतलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. गुंडीला भोकं चार होती की दोन, हे पक्कं झाल्याशिवाय ते पुढे सरकेनात. मी म्हटलं, "अहो, गुंडीची भोकं कोण मोजतं?" तर माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कोणाचा तरी धुरा कोरला होता.

कोणाच्याही घरी गेले की साडू आधी भिंतीकडे पाहतात, मग यजमानाकडे. परतवाड्याला माझ्या एका मित्राचे वडील वारले, तेव्हा हे माझ्यासोबत भेटायला आले होते. घरात रडारड चाललेली, आणि हे महाशय खुर्चीवर चढून, हार बाजूला सारून वडिलांचा फोटो खाली काढताहेत! मी खालून त्यांचा सदरा ओढतोय, ते ऐकतील तर शपथ. फोटो उलटा केला, मागचा पुठ्ठा बोटानं ठोकून पाहिला, आणि माझ्या त्या बिचाऱ्या मुंडन केलेल्या मित्राला सांगायला लागले, "काच अन् फोटो यायच्यात पुठ्ठ्याची बारीक पट्टी टाका. नाई त ओलीनं वडील काचेले चिकटतीन. अन् चिकटलेच, त ओढू नोका. काचेसकट माह्याकडं आना." तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. हेच व्याख्यान ते मला दर दिवाळीला देत. सात-आठ वेळा तरी दिलं असेल. मी मान डोलवायचो आणि चिवड्याकडे हात न्यायचो.

लोकांचे फोटो दुरुस्त करायला लागले तेव्हा तर कहरच झाला. माणूस गेला की तेरवीच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो लागतो, आणि जिवंतपणी कोणी त्याचा धड फोटो काढलेला नसतो. मग आधार कार्डावरचा, नाही तर कोणाच्या तरी पंगतीत तोंडाजवळ घास नेलेला फोटो घेऊन मंडळी येतात. सोबत मागण्यांची यादी. बाबांना कोट घाला. आईला जराशी गोरी करा. मोठी सून आता वेगळी निघाली, तिला काढून टाका. दुसरा कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता, हल्ली सगळे तेच करतात. साडू तापतात. "बाबानं जलमभर कोट घातला नाई, आता मेल्यावर काहून त्याले घाम आणता?" सुनेला काढा म्हणणाऱ्याला म्हणाले, "ते तवा तिथं उभी होती. तिले काढाचं असंल त कोर्टात जा, माह्याकडं कायले आले?" अशानं गिऱ्हाईक उभं राहील का? पण राहतं! आणि का राहतं हे मला आजवर उमगलेलं नाही.

अचलपूरचं एक कुटुंब आजोबांचा फोटो घेऊन आलं होतं. फोटोत आजोबा, खाट आणि मागे एक बकरी. नातू म्हणाले, बकरी तेवढी काढा, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. साडूंनी आजोबांना तीन दिवस दिले आणि बकरीला चार. तिचा कान किडीनं कुरतडलेला होता, तो केसाकेसानं उभा केला. त्या दिवशी मी तिथेच होतो. नातू संतापले, आणि मीही त्यांच्या बाजूनं दोन शब्द बोललो. का बोलू नये? तेवढ्यात त्यांच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी फोटो ओढून घेतला. "अगो माय, हे त चांदी!" म्हणाल्या, आणि आजोबांना सोडून त्या बकरीवरूनच हात फिरवत बसल्या. साडूंनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. असा राग आला होता मला!

पण सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते देवीच्या व्रणांनी. एका गृहस्थांच्या वडिलांच्या तोंडावर देवीचे व्रण होते आणि फोटोवर बुरशीचे ठिपके. दोन्ही गोल, दोन्ही सारखेच दिसणारे. कोणीही शहाणा माणूस सगळेच पुसून गाल गुळगुळीत करून देईल. साडूंनी त्या घरच्या पाच माणसांना वेगवेगळं बसवून विचारलं, डाव्या गालावर किती होते, कपाळावर होते का. मग एकेक ठिपका तपासला. बुरशीचे काढले, देवीचे ठेवले. "ओरखडा असंल त मी भरतो," ते मला समजावत होते, "दोनी काठ दिसून रायले त मधलं काय असंल ते समजते. काठच नाई, त कायच्या भरोशावर भरू? ते मंग त्याचं थोबाड नाई, माह्यं." मी म्हटलं, लोकांना जरा सुख दिलं तर तुमचं काय जातं? ते म्हणाले, "खोट्या चेहऱ्यापुढं उदबत्ती लावाची का लोकायनं?" मी तरातरा उठून बस स्टँडवर आलो.

आता माझं सांगतो, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल.

माझ्या बायकोच्या आईचा जगात एकच फोटो. अचलपूरच्या स्टुडिओत काढलेला. सासूबाई खुर्चीवर, मांडीवर चौदा महिन्यांची माझी बायको, शेजारी फ्रॉक घातलेल्या सात वर्षांच्या ताई. त्याच साली सासूबाई तापानं गेल्या. ताईंना आई आठवते. माझ्या बायकोला तिचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाही. आई म्हणजे तिच्यासाठी तो फोटो. अंघोळ झाली की रोज ती त्याच्यापुढे दोन मिनिटं उभी राहते, आणि त्या दोन मिनिटांत घरात कोणी मोठ्यानं खोकलेलंही तिला खपत नाही.

फोटोवर डाग पडायला लागले होते. ती म्हणायची, भाऊजींकडे देऊ. मी म्हणायचो, ते गुंडीला दोन दिवस घेतात, या तीन चेहऱ्यांना दोन वर्षं घेतील. आमच्याकडे एक नवं चकचकीत दुकान निघालं होतं. तिथला माणूस दहा मिनिटांत फोटो नवाकोरा करून देतो असं ऐकलं. फोनवर तो म्हणाला, फ्रेममधून काढून आणा. बायको बडनेऱ्याला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. ती परत यायच्या आत नवा फोटो भिंतीवर लावायचा आणि तिला चकित करायचं, असं मी ठरवलं. फ्रेमचे खिळे काढले, पुठ्ठा काढला. फोटो निघेना. मी म्हटलं, निघत कसा नाही! कोपरा धरला आणि ओढला. निघाला. तो मी टेबलावर पालथा ठेवला. काचेला काहीतरी तपकिरी चिकटलेलं होतं. बुरशी असेल म्हणून काच नळाखाली धरली, ओल्या वर्तमानपत्रानं खसाखसा पुसली आणि आरपार दिसेल अशी लख्ख केली. काच लख्ख झाल्याचं मला समाधानसुद्धा वाटलं. मग फोटो सुलटा केला.

सासूबाईंचा डावीकडचा अर्धा चेहरा नव्हता. डोळा, गाल, अर्धं नाक, अर्धे ओठ. तो चेहरा मी नळाखाली धुऊन टाकला होता.

बायको आली तेव्हा मी खुर्चीवर बसून होतो. तिनं फोटो पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आतून ओल लागली होती वाटतं. मी साफ करायला म्हणून उघडला, तर हे असं." तिनं एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात धाव घेतली. तिथल्या माणसानं खरंच दहा मिनिटांत चेहरा पुरा करून दिला. सुंदर बाई होती. तुकतुकीत गाल, दोन्ही डोळे टपोरे, एखाद्या कॅलेंडरवर छापावी अशी. मी तो फोटो बायकोच्या हातात दिला. तिनं बराच वेळ पाहिला. "हे कोन हाय?" म्हणाली, आणि माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "चला अकोल्याले. भाऊजी करतीन."

बसमध्ये मी मनातल्या मनात साडूंशी भांडत होतो. त्यांनी अजून काही केलेलं नव्हतं तरीही.

साडूंनी फोटो स्कॅन केला, पडद्यावर मोठा केला आणि पुढे वाकून बसले. ताई आणि माझी बायको मागे उभ्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बायको म्हणाली, "भाऊजी, ताईले आई आठवते. ताई सांगते, तुमी तसं तसं भरा. मले आईचं तोंड पाहिजे. बाकी कायी नाई मांगत मी." साडूंनी मान हलवली. "अर्धं नाई, लहाने. मी कुठून आनू? तुही ताई तवा सात वर्साची होती. ते मी केलं त ते आई नसंल तुही. दुसरीच कोनी येऊन बसंल."

आणि मग माझा तोल गेला. का गेला हे आता तुम्हाला ठाऊकच आहे. मी उठून उभा राहिलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. माणसाच्या आईपेक्षा तुमचं तत्त्व मोठं का, बकरीचा कान केसाकेसानं करता आणि आईचा गाल करायला हात आखडतो का, असलं ज्ञान काय चाटायचं आहे, सगळं काढलं. बायको मला "अहो, अहो" करत होती. साडूंनी खुर्ची वळवली. शांतपणे विचारलं, "काच कुठं हाय?"

मी परत खाली बसलो.

"काच कायची?" बायकोनं विचारलं. साडू उत्तर न देता पडद्याकडे वळले. आठपट मोठ्या फोटोत त्या अर्ध्या चेहऱ्याचा काठ दिसत होता. मला त्यातलं काही कळत नाही, पण सोललेलं काय आणि कुजलेलं काय, एवढं मलाही दिसलं. साडूंनी तर हजार फोटो पाहिलेले. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्या चपलांकडे.

तेवढ्यात बायको रडायला लागली. "माह्यीच चूक हाय, भाऊजी. तुमी दर दिवाळीले सांगत होते. भितीले ओल हाय हे मले दिसत होतं. मी फोटो काढून ठेवला नाई. रोज त्याच्यापुढं उभी राह्यली अन् मीच त्याले सडू देला." ती असं म्हणेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझं खोटं जाऊन तिच्या डोक्यावर बसलं होतं, आणि आता ते उचलायची माझ्यात हिंमत नव्हती.

साडू उठले. ज्या माणसानं मला बोहल्याखालीच फेट्याचं सांगितलं, ज्यानं कोणाचा धुरा टाचणीएवढा सरकवला नाही, तो माणूस माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "नाई लहाने. तुही चूक नाई. कोनाचीच नाई. ओलीनं असंच होते. तू काढून ठेवला असता, तरी गेला असता." आवाज एवढा घोगरा झाला होता, की खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं लगेच ओळखू यावं. ताईंनी ओळखलं असावं, कारण त्या चहा ठेवायला आत निघून गेल्या. बायकोला मात्र ओळखायचं नव्हतं. ती पदरानं डोळे पुसत "खरं ना भाऊजी?" म्हणाली, आणि ते म्हणाले, "हो."

निघताना फाटकाशी त्यांनी मला गाठलं. "कायनं पुसली?" मी म्हणालो, "ओल्या पेपरानं." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग जे सुरू झाले! सात-आठ वर्सं सांगून राह्यलो, कानात बोळे घातले होते का, हात होते का फावडे, असं बरंच काही. मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, मग तिला सांगितलं का नाही? तर आणखीच भडकले. "आई त गेलीच हाय तिची. आता नवऱ्याचा राग घेऊन कुठं जाईल ते? अन् मले या वयात खोटं बोलाले लावलं तुमी! मले!" बायको रिक्षात बसून आम्हाला हाका मारत होती.

चार महिन्यांनी ते स्वतः फोटो घेऊन आले. उरलेला अर्धा चेहरा त्यांनी असा काही उजळला होता, की सासूबाईंच्या उजव्या डोळ्याखालची बारीक सुरकुतीसुद्धा दिसत होती. मांडीवरच्या पोरीनं आईचा पदर मुठीत धरलेला आहे, हे इतक्या वर्षांच्या डागांखाली कोणाला दिसलंच नव्हतं. ते आता दिसलं. बायकोनं त्या मुठीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. डावीकडची जागा साडूंनी तशीच ठेवली, साधी राखी रंगाची. काचेआड पुठ्ठ्याची पट्टी टाकून दिली. ती पट्टी पाहून मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून साडू आमच्याकडे येत नाहीत. फोन केला तर ताईंकडे देतात. बायको म्हणते, "भाऊजी माह्यावर रागावले. मी खोटं तोंड भरून मांगितलं ना त्यायले, म्हनून." दर दिवाळीला येऊन माझ्या फराळाचा आणि डोक्याचा चट्टामट्टा करणारा माणूस यंदा आला नाही, आणि मी चिवड्याचा डबा उघडलाच नाही. ती त्यांची क्षमा मागायला अकोल्याला जायचं म्हणतेय. तिनं क्षमा मागायची, आणि त्यांनी पुन्हा खोटं बोलायचं! एवढं मात्र मला आता सहन होत नाही. तोंडानं सांगायला चार वेळा गेलो, चारही वेळा भाजी काय आणू एवढंच विचारून परत आलो. म्हणून हे सगळं लिहिलं. उद्या सकाळी तुझी आईपुढची दोन मिनिटं झाली की हे कागद तुझ्या हाती देणार आहे. ओलीनं चेहरा गेला नाही, ग. काच मी पुसली. मला काय बोलायचं ते बोल, पण अकोल्याला आधी फोन लाव, आणि भाऊजींना सांग, की आता त्यांना खोटं बोलावं लागणार नाही.